गणपतीनंतर दीड ते चार वर्षांच्या मुलांचा थयथयाट वाढतो: पालकांच्या बैठकीत नेमकं काय सांगावं?

वेंगुर्ले_अंगणवाडी

नमस्कार. पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत पालकांची बैठक आहे. येणार त्यात आया कमी, आज्या जास्त. भाद्रपद सरला की दरवर्षी त्याच तक्रारी येतात.

मोबाइल काढून घेतला की मूल जमिनीवर लोळण घेतं, डोकं आपटतं. काही मुलं रडता रडता श्वास धरतात, ओठ निळे पडतात, आणि घाबरून घरचे मोबाइल परत हातात देतात. गणपतीला आलेले बाबा मुंबईला परत गेले की पुढचे आठ-दहा दिवस मूल आईला मारतं, चावतं, रात्री उठून रडतं. गंमत म्हणजे हेच बाबा आले तेव्हा पहिले दोन दिवस ते त्यांच्याजवळ गेलेलंही नसतं. आणि तिसरी तक्रार कायमची: काही सांगितलं तर ऐकतच नाही.

घरोघरचे उपाय ठरलेले. ‘देवचार येतलो हां’ (भूत येईल हं), मीठ-मोहरीची दृष्ट, एक धपाटा, नाहीतर चॉकलेट. मला ‘मुलांशी प्रेमाने वागा’ असं मोघम सांगायचं नाही, ते त्यांना माहीत आहे. भाकऱ्या थापता थापता आजीला जमेल असं पायरी-पायरीनं काय सांगू? आणि कुठल्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवायचं हे कसं ओळखू?

शिंपले_मालवण (बालविकास)

ताई, आधी आज्यांना एक गोष्ट पटवावी लागेल, बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. अडीच वर्षांच्या मुलाला राग आपल्याइतकाच येतो, पण तो आवरणारा मेंदूचा पुढचा भाग अगदी कोवळा असतो. तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. शिवाय जवळ शब्द थोडे. म्हणून एकदा भडका उडाला की मूल आपलं आपण शांत होऊ शकत नाही. शेजारचं मोठं माणूस शांत असेल तरच तेही हळूहळू शांत होतं. त्या वेळी समजावणं, कारण विचारणं, ओरडणं यातलं काहीच आत पोचत नाही, उलट आवाजानं भडका वाढतो. बहुतेक वेळा हे दोन ते पाच मिनिटांत ओसरतं, कधी पंधरा मिनिटं चालतं. तेवढा वेळ कुणाला न लागता, न मारता पार पडला की त्या वेळचं काम झालं.

प्रत्यक्षात करायचं ते असं. पहिल्यांदा आजूबाजूला बघा: चूल, आडाळी (विळी), गरम पेजेचं पातेलं, खळ्याच्या म्हणजे अंगणाच्या पायऱ्या. मूल तिथून उचलून बाजूला ठेवा. चिऱ्याच्या भिंतीवर किंवा लादीवर डोकं आपटत असेल तर काही न बोलता मध्ये गोधडी सरकवा. मग स्वतः खाली बसा, हातभर अंतरावर, अगदी समोर नको, थोडं तिरकं. उभ्या माणसाची सावली अंगावर पडली की लहान मूल आणखी बिथरतं. बोलण्याआधी तीन वेळा लांब श्वास सोडा. हा मुलासाठी नाही, तुमचा आवाज खाली यावा म्हणून. मग एकच वाक्य: “राग आलाय. मोबाइल संपला. मी इथेच बसलेय.” अर्ध्या मिनिटानं पुन्हा तेवढंच. नवीन काही जोडू नका.

काही मुलांना कवेत घेतलेलं चालतं, काही हात लागताच लाथा झाडतात. झाडणाऱ्याला धरून ठेवू नका, फक्त त्याच्या नजरेसमोर राहा. किंचाळणं थांबून हुंदके सुरू झाले की ओहोटी लागली असं समजा. मांडी आणि पाणी तेव्हा पुढे करायचं. त्याआधी दिलेलं पाणी भिरकावलं जातं आणि भांडण नव्यानं सुरू होतं.

संपल्यावर भाषण नको, “परत करशील?” नको. ज्यासाठी रडला ती वस्तूही द्यायची नाही. संध्याकाळी भरवताना दोन वाक्यं पुरतात: “दुपारी खूप राग आला होता. राग आला की पाय आपट, डोकं नाही.”

आता मोबाइल. खरं काम तो बंद करायच्या आधीचं आहे. “पाच मिनिटांनी बंद” हे दोन वर्षांच्या मुलाला कळत नाही, त्याला मिनिट म्हणजे काय ते ठाऊक नसतं. “हे गाणं संपलं की बंद” हे कळतं. त्यासाठी एकामागून एक आपोआप व्हिडिओ लागण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर ‘हे गाणं’ कधी संपतच नाही. बटण मुलालाच दाबू द्या. आणि पुढचं काम तयार हवं: लसणीच्या पाकळ्या सुट्या करायच्या, कोथिंबिरीची पानं खुडायची, बादलीतून करवंटीनं पाणी काढायचं. रिकाम्या हातातून मोबाइल काढला की दहापैकी नऊ वेळा रडारड होणारच.

जेवताना मोबाइलची सवय असेल तर तिन्ही वेळचा एकदम बंद करू नका. सकाळच्या पेजेपासून सुरुवात करा. त्या वेळी मोठ्यांचेही मोबाइल दुसऱ्या खोलीत. जेवण वीस-पंचवीस मिनिटं, मग ताट उचलायचं. तीन-चार दिवस मूल कमी खाईल. ते चालेल, फक्त मधल्या दोन तासांत ‘उपाशी आहे बिचारा’ म्हणून बिस्किटं देऊ नका. पहिले काही दिवस रडणं आधीपेक्षा वाढतं, आणि नव्वद टक्के घरं इथेच हार मानतात. चौथ्या दिवशी मोबाइल दिला तर मूल एवढंच शिकतं की चार दिवस रडावं लागतं. म्हणून घरातली सगळी माणसं तयार नसतील तर सुरुवातच करू नका. आणि बाबा नुकतेच गेलेत त्या आठवड्यात तर नकोच.

भारतीय बालरोग संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचना अशा आहेत: दोन वर्षांखाली स्क्रीन अजिबात नाही, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस सोबत असताना.

बालरोग_कुडाळ

वरचं सगळं बरोबर आहे, पण वागण्याचा विचार करण्याआधी शरीर बघा. किरकिर करणाऱ्या निम्म्या मुलांची गोष्ट इथेच संपते असं माझं मत आहे.

झोप: एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, दुपारची धरून. गणपतीत आरत्या, भजनं, फुगड्या, घरात पंधरा माणसं. मूल रात्री बारापर्यंत जागं आणि सकाळी गलक्यानं सातला उठलेलं. नंतरचा आठवडाभर जे दिसतं त्यात या साचलेल्या जागरणाचा मोठा वाटा असतो. जत्रेतल्या दशावतारानंतरही हेच. झोप रुळावर आणायची सोपी रीत म्हणजे सकाळी उठायची वेळ आधी पक्की करा, दुपारी साडेबारा ते अडीच झोपवा, तीननंतर झोपू देऊ नका, आणि रात्री रोज पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे आणा. एका रात्रीत बाराचे नऊ होत नाहीत.

श्वास धरणं: दिसायला भयंकर, पण मूल ते मुद्दाम करत नाही. साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयात दिसतं, जोरात रडताना श्वास बाहेर सुटतो आणि तिथेच अडकतो, ओठ निळे पडतात, काही मुलं क्षणभर शुद्ध हरपतात. बहुतेक वेळा एका मिनिटाच्या आत आपोआप श्वास सुरू होतो. मुलाला कुशीवर सपाट झोपवा. गदागदा हलवू नका, तोंडात बोट किंवा चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका. पहिल्यांदा असं झालं की डॉक्टरांना दाखवायलाच हवं. न रडता झालं, सहा महिन्यांखालच्या बाळाला झालं, किंवा झटके मिनिटभराहून जास्त राहिले, तर लगेच.

यात लोहाची कमतरता सापडण्याचं प्रमाण बरंच आहे आणि लोह दिल्यावर हे प्रकार कमी होतात, म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोह कमी असलेलं मूल एरवीही चिडचिडं, थकलेलं असतं. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, तेव्हा ‘आमच्याकडे नसेल’ असं कुणी गृहीत धरू नये. आशाताई देतात ते लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिली; बाटली फडताळात तशीच पडून असते, ती बैठकीला आणायला सांगा. सकाळचा चहा-बटर मुलाला बंद, चहा लोह शोषू देत नाही. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, पोट दुधानंच भरतं. पेजेसोबत मासळी किंवा कुळथाची पिठी, वर लिंबू पिळून.

रात्री गुदाशी खाज, त्यामुळे चुळबुळ आणि उठून रडणं असेल तर जंत बघा. जंतनाशक गोळी अंगणवाडीतच मिळते, पण तीन वर्षांखालच्या मुलाला ती चुरून पाण्यातून द्या, न चुरता गिळायला देऊ नका, घशात अडकते.

आणि ‘ऐकत नाही’ म्हणतात त्या मुलाचा कान तपासा. पावसाळाभर सर्दी असली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि मूल अर्धवटच ऐकतं. मूल खेळात असताना पाठीमागून, तोंड न दाखवता, हळू आवाजात नाव घ्या. दोन-तीनदा वळलं नाही तर तपासणी.

लगेच पाठवायची मुलं: वर्षाचं होऊनही नावाला न वळणारं, दीड वर्षाला बोटानं काही न दाखवणारं, दोन वर्षांना दोन शब्द न जोडणारं, आणि कुठल्याही वयात आलेले शब्द गेलेलं. थयथयाट नेहमीच पंचवीस मिनिटांच्या वर चालत असेल, त्यात मूल स्वतःला चावत-ओरबाडत असेल, किंवा पाच वर्षं पुरी झाल्यावरही रोज होत असेल तर तेही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांच्यासाठी नावं लिहून ठेवा. पण शब्द गेलेल्या मुलासाठी पथकाची वाट बघू नका.

देवगडचे_आजोबा

वाचलं. पण सरळ विचारतो. एक धपाटा दिल्यानं काय बिघडतं? मूल गप्प होतं की. आणि विहिरीकडे जाऊ नये म्हणून देवचाराचं नाव घेतलं तर ते त्याच्या जिवासाठीच ना?

शिंपले_मालवण (बालविकास)

आजोबा, गप्प होतं हे खरं. ते घाबरल्यामुळे, आणि घाबरलेलं मूल त्या वेळी काहीही शिकत नाही. काय करायला हवं होतं हे धपाटा सांगत नाही, म्हणून तेच पुन्हा होतं आणि पुढच्या वेळी धपाटा जोरात द्यावा लागतो. शिवाय मोठ्यानं लहानाला मारलेलं चालतं एवढं मात्र पक्कं बसतं. ताईंच्या वर्गात धाकट्यांना मारणारी मुलं बघा.

विहिरीचा प्रश्न तुम्ही काढलात ते फार बरं झालं. चार वर्षांखालच्या मुलाच्या आठवणीवर जीव सोपवता येत नाही, मग नियम समजावून सांगितलेला असो की देवचाराचा असो. चेंडू तिकडे गेला की मूल दोन्ही विसरतं. कठडा मुलाच्या छातीच्या वर असावा, तोंडावर लोखंडी जाळी, जवळ चढायला दगड किंवा कळशी उपडी ठेवलेली नसावी. न्हाणीतली भरलेली बादलीही तितकीच धोक्याची. एवढं झाल्यावर नियम सांगायचा, आणि नेहमी काय करायचं ते सांगायचं: “विहिरीवर आजोबांचा हात धरून.” रोज एकदा खरोखर हात धरून न्या, पाणी दाखवा. बघायची हौस फिटली की चोरून जाणं कमी होतं.

भुताची भीती तीन ते पाच वर्षांत अशीही वाढतेच. दिवसा आपण पेरलेला देवचार रात्री वीज गेल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि मग तेच मूल रात्री झोपत नाही म्हणून आपण चिडतो. ‘डॉक्टर सुई देतील’ हेही सोडा, डॉक्टरांना उद्या त्याचा कान तपासायचाय. दृष्ट काढायची तर खुशाल काढा. आजी पाच मिनिटं मुलाला समोर बसवून हळू आवाजात पुटपुटते, त्यानं ते शांतही होतं. फक्त मिरच्यांचा धूर मुलापासून लांब.

वेंगुर्ले_अंगणवाडी

डॉक्टर, ताई, खूप आभार. कान तपासायची रीत मी उद्याच वर्गात वापरते. बाबा जाण्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. आमच्या वाडीत दर दुसऱ्या घरातला बाप मुंबईला आहे, मला ते सर्वांत जास्त हवंय. “बाबा खंय गेले?” असं मूल विचारतं आणि घरात कुणी उत्तरच देत नाही.

समुपदेशन_सावंतवाडी

उत्तर न देणं हीच पहिली अडचण. बाबा आल्यावर मूल जवळ न जाणं आणि गेल्यावर आईला मारणं, ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या इस्पितळांत आईवडिलांपासून दूर ठेवलेली लहान मुलं बारकाईनं पाहिली. आधी मूल आकांत करतं, मग खचतं, मग अलिप्त होतं, आणि परत भेटल्यावर लगेच जवळ जात नाही. आपल्याकडे मूल आई-आजीजवळच असतं, म्हणून हे बरंच सौम्य दिसतं, पण वळण तेच.

बाबा आल्यावर स्टँडवरूनच उचलून घ्यायची घाई नको. “बाबांना पापी दे, ओळखलंस का?” हा आग्रह तर नकोच. बाबांनी खळ्यात खाली बसावं, काहीतरी करत राहावं, मूल येईल. दोन दिवस लागले तर लागू द्यावेत.

निघताना होणारी चूक म्हणजे मूल झोपल्यावर गुपचूप निघणं. कोकणकन्या, तुतारी, खाजगी बस, सगळ्या रात्रीच्या, त्यामुळे हे फार सोयीचं होतं. पण सकाळी उठून बाबा नाहीत हे कळलेलं मूल शिकतं की झोपलं की माणसं नाहीशी होतात. मग झोपेला विरोध, रात्री उठून चाचपणं, आई संडासला गेली तरी रडणं. त्यापेक्षा दोन वर्षांच्या मुलाला आदल्या संध्याकाळी सांगा, चार वर्षांच्याला तीन दिवस आधी. बॅग भरताना एक वस्तू, टॉवेल म्हणा, त्याच्या हातानं ठेवू द्या. निरोप छोटा, दोन मिनिटांचा, आणि दर खेपेला तसाच: एक मिठी, एक टाळी, एक वाक्य. “बाबा आज रात्रीच्या गाडीनं मुंबईला कामाला चाललेत. उद्या तुझं जेवण झाल्यावर फोनवर दिसतील.” गाडी उशिराची असेल तर हा निरोप झोपायच्या आधी. मूल रडेल. ते रडणं बरोबर आहे, त्याला थांबवायला “बाबा दुकानात गेलेत, आत्ता येतील” असं सांगू नका.

“लवकर येतील” हेही नको. चार वर्षांच्याला कालनिर्णयवर दिवाळीच्या तारखेला गोल करून द्या, रोज एक चौकोन त्यानं खोडावा. दोन वर्षांच्याला त्याचा उपयोग नाही. त्याला बाबांचा न धुतलेला सदरा उशाला आणि फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेला पुरतो. देवघराच्या वर टांगलेला फोटो त्याला दिसतच नाही.

व्हिडिओ कॉल रोज एकाच वेळी, पाच ते आठ मिनिटं. बहुतेक घरांत तो परीक्षेसारखा चालतो: गाणं म्हण, एक ते दहा म्हण. बाबांनीच काही करावं: टॉवेलमागे तोंड लपवणं, रोज तेच चित्रांचं पुस्तक दाखवणं, खोलीतला पंखा, खिडकीतली गाडी. मूल मध्येच उठून गेलं तर जाऊ द्यावं, आईनं फोन घेऊन मागे धावू नये.

आईलाच का मारतं, असं आज्या विचारतील. जिच्याजवळ धोका नाही तिच्याजवळच राग बाहेर पडतो. हात उगारला की मनगट हलकं धरायचं, “मारू देणार नाही”, आणि अर्धं पाऊल मागे. चावलं तर आधी चावा लागलेल्याकडे लक्ष द्या, चावणाऱ्याकडे नंतर, आणि त्याला एक शब्द द्या: “नको”, “माझं”, “थांब”. उलट चावून दाखवणं सोडा. त्यातून चावणंच शिकलं जातं.

आणि एक गोष्ट मला बैठकीत मोठ्यानं सांगितलेली हवी: त्या आठवड्यात आईचाही आधार गेलेला असतो. पाहुण्यांची भांडी, अंथरुणं, सगळं तिच्यावर. आजीनं रोज दहा मिनिटं चुलीपुढचं काम स्वतःकडे घ्यावं आणि आईनं ती मुलासोबत जमिनीवर बसून घालवावीत. मोबाइल दूर, शिकवणं नाही, प्रश्न नाहीत, मूल जे खेळेल ते. “गाडी वर चढली. गाडी पडली.” एवढंच बोलायचं. १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना काही मिनिटं बाळासमोर चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं, तर बाळं आधी हसून, हात करून आईला बोलावत राहिली आणि मग तोंड फिरवून बसली. मोबाइलमध्ये बघणारा चेहरा मुलाला तसाच दिसतो. जेवणाआधीची वेळ यासाठी चांगली, थयथयाट बहुधा त्याच सुमारास होतो.

शिंपले_मालवण (बालविकास)

एक जोड देते. बैठकीला येण्याआधी आठवडाभर घरच्यांना कागदावर पाच रकाने भरायला सांगा: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, शेवटचं खाणं कधी, शेवटची झोप कधी, आणि मोठ्यांनी काय केलं. लिहिता येत नसेल तर शाळकरी ताई-दादा लिहितील. सात दिवसांत बहुतेक घरांत एक-दोन ठरलेल्या वेळा उघड दिसतात, आणि तेवढ्याच वेळा सांभाळायच्या असतात. ‘दिवसभर रडतो’ म्हणणाऱ्या घरात मग वाद कमी होतो.

पाऊस अजून आहे, मुलं पडवीत कोंडलेली आहेत, त्यांच्या अंगाला जोराचं काम द्या. सोललेला नारळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेणं, तांब्यानं बादली भरणं, गोधडी ओढत नेणं, अशी दहा-पंधरा मिनिटं जेवणाआधी गेली की अंग निवतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं तेव्हा शिंपले, दगड, पानं, बिया अशाच साहित्यावर बालवाडी चालवली. विकतचं काही लागत नाही. फक्त चिंचोके, काजूच्या बिया, गुंजा तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका. पहिल्या दोन घशात अडकतात आणि गुंज विषारी असते. त्यांना मोठे शिंपले आणि करवंट्या द्या, कडा चिऱ्यावर घासून गुळगुळीत केलेल्या.